टीव्ही गेम, पुढची नोंद: रडका मारिओ सापडला

सापडलं! आपला टीव्ही गेम म्हणजे निन्टेन्डोच्या मशीनची नक्कल, म्हणजे क्लोन. त्यावर मारिओचं संगीत दमलेलं, उदास वाजतं. मागच्या वेळी ज्याला मी 'मारिओचा रडका आवाज' म्हणत होतो, त्याचं मूळ थेट सीपीयूच्या, म्हणजे मुख्य चिपच्या, पोटात निघालं.

वेगाचं गणित तर आपण आधीच सोडवलंय. आपले जुने टीव्ही पाल पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला ५० चित्रं (फ्रेम) दाखवणारे, ५० हर्ट्‌झवाले. कॅसेटमधला कोड ६० हर्ट्‌झसाठी लिहिलेला. 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये खेळ आणि संगीत दोन्ही फ्रेमच्या ठोक्यावर चालतात, त्यामुळे मिनिटाची चाल ७२ सेकंद रेंगाळते. निन्टेन्डोने युरोपसाठी हा वेग सुधारून दिला होता. आपल्याकडच्या नकली कॅसेटवाल्यांना कसली पडलीय!

पण खरी मेख पट्टीत, म्हणजे सुरांच्या उंचीत आहे. इथे आवाजही सीपीयूच बनवतो, त्याचं घड्याळ हळू तर सूर खाली. मूळ मशीनचा सीपीयू १.७९ मेगाहर्ट्‌झचा, युरोपच्या अधिकृत मशीनचा १.६६. मूळ कोड तिथे तसाच वाजवला, तर गाणं अर्ध्या स्वरापेक्षाही जास्त खाली घसरतं. आपल्या क्लोनचा सीपीयू १.७७ चा. म्हणजे पट्टी जवळपास जागच्या जागी आणि लय तेवढी सहाव्या हिश्शाने ढिली. टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की आवाज जाडा होतो आणि कानाला लगेच कळतं की काहीतरी बिघडलंय. इथे तसं काही कळतच नाही. सूर सगळे बरोबर, वाजवणाराच दमलेला.

मेसेन या इम्युलेटरमध्ये (कॉम्प्युटरवर जुनी मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) रीजन 'डेंडी', म्हणजे आपल्यासारखाच रशियातला क्लोन, केलं की वेग आणि पट्टी बोर्डाशी बरोब्बर जुळतात. तरीही दोन्ही रेकॉर्डिंग शेजारी ठेवली की ओळखू यायचं कुठलं कुठलं ते. इम्युलेटर गोल, भरीव. बोर्ड किरटा, नाकातून गाणारा. काही ठिकाणी नेमकं उलटं. या 'उलटं'नेच डोकं खाल्लं. फिल्टरमुळे असेल तर सगळीकडे सारखंच व्हायला हवं ना? ऑडिओच्या वाटेवरचे सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले, ढिम्म फरक नाही. (पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका दुकानातून आणलेले दोन कोरे कपॅसिटर मीटरवर निम्मेच भरले, ते वेगळंच. इलेक्ट्रोलिटिक चांगल्या जपानी कंपनीचेच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.)

शेवटी एक चिमुकली रॉम, म्हणजे कॅसेटमधला प्रोग्रॅम, लिहिली: पल्स १ वर (चिपच्या आवाजाच्या वाटांपैकी एकीवर) एकच लांब सूर, ड्यूटी ५० टक्के, बाकी सगळं बंद. ऑसिलोस्कोपचा (लाटेचा आकार दाखवणाऱ्या यंत्राचा) प्रोब सीपीयूच्या पिन १ वर, जिथून हा आवाज बाहेर येतो. ५० टक्के म्हणजे लाट जितका वेळ वर तितकाच वेळ खाली. स्कोपवर दिसलं काय, तर एक घर वर, तीन घरं खाली. २५ टक्के! रजिस्टरमध्ये २५ लिहिलं तर आले ५०. साडेबारा मात्र जिथल्या तिथे. २५ चा सूर किरटा, ५० चा भरीव, म्हणून काही ठिकाणी उलटं. नक्कल करणाऱ्यांनी चिपमध्ये या दोघांची अदलाबदल करून ठेवलीय. माझ्या बोर्डावरची चिप यूए ६५२७पी आहे, चाळीस पायांची, बोर्डावर थेट चिकटवून वर काळ्या लांबीचा ठिपका टाकलेली नव्हे.

मेसेनच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जुन्या क्लोनसाठी ड्यूटी उलटवायचा पर्याय आहेच. तो चालू केला आणि पाण्याखालची लेव्हल लावली. संगीतकार कोजी कोन्दोंचा तो तीन मात्रांचा वॉल्ट्‌झ मुळात डुलत डुलत जातो. आपल्याकडे तो पातळ आवाजात, पाय ओढत येतो. हुबेहूब! लहानपणी त्या लेव्हलला उगाच जीव कासावीस व्हायचा तो यानेच. संध्याकाळ उदास करायचं कोन्दोंच्या मनातही नसणार. हे काम ५० हर्ट्‌झने आणि एका चुकीच्या नकलेने केलं.

आता पुढचा बेत एव्ही मॉडचा, म्हणजे चित्र आणि आवाज टीव्हीला थेट तारांनी द्यायचा होता. पीपीयूच्या (चित्र बनवणाऱ्या चिपच्या) पिन २१ वरून व्हिडिओ घ्यायचा, एक ट्रान्झिस्टर टाकायचा आणि टीव्हीच्या अँटेनाच्या वाटेने सिग्नल पाठवणारा आरएफचा डबा उपटून फेकायचा. पण तुलनेसाठी आरएफवर खेळताना दुसरंच काहीतरी कानावर आलं. पडदा जितका उजळ, तितकी स्पीकरमधली गुरगुर जास्त. चित्राचा सिग्नल आवाजात झिरपतो, हे तर जुनंच दुखणं. १-१ या पहिल्या लेव्हलमध्ये निळं आकाश असतं, तेव्हा ती सतत चालू. पाइपातून १-२ मध्ये उतरलात की पडदा काळा, गुरगुर बसते आणि तळघरातली ती ठसकेबाज धून एकदम कोरडी, उघडी ऐकू येते. तिथे अंगावर काटा यायचा त्यात या गुरगुरीचाही वाटा असणार! डबा काढला की हे गेलंच.

तेव्हा मॉड करायचं, पण डबा ठेवून. व्हिडिओ दोन वाटांनी काढतो, मागे एक स्विच. एव्हीच्या वाटेला आवाज स्वच्छ, आरएफच्या वाटेला गुरगुरीसकट. एकच बफर (तो ट्रान्झिस्टर) दोन्ही वाटा ओढेल की नाही, शंका आहे. बहुधा दोन लागतील.

तोवर एक काम तुमच्याकडे. ज्यांच्या बोर्डावर ठिपका आहे, त्यांनी ही रॉम चालवून पाहा. सगळ्याच ठिपक्यांमध्ये ड्यूटी उलटी आहे की काहींतच, ते मला हवंय. स्कोप नसला तरी चालेल. रॉम आधी ५० आणि मग २५ वाजवते. दुसरा सूर पहिल्यापेक्षा भरीव लागला, तर तुमचाही मारिओ रडका.