आमची वाटचाल : सात रस्त्याचं घोड्यांचं मीठ

घोड्यांच्या धंद्यात आहोत म्हटलं की लोक डोळा मारून विचारतात, "मग रविवारी कुठला लावायचा?" आम्ही घोडा लावत नाही, घोड्याला मीठ देतो. वडिलांचं मुंबईत सात रस्त्याजवळ घोड्यांच्या दाणागोट्याचं दुकान होतं. हरभरा, जव, ओट, गव्हाचा कोंडा, गूळ. महालक्ष्मीच्या पागा हाकेच्या अंतरावर, व्हिक्टोरियावाले, म्हणजे घोडागाडीवाले, भायखळ्यात. त्या दुकानाचा आज कारखाना झालाय (कारखाना म्हणजे दोन गाळे आणि एक पोटमाळा), पण तो काही चंदीच्या, म्हणजे दाण्याच्या, जिवावर झालेला नाही.

मिठाचं डोकं सुभेदारांचं. लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमधून निवृत्त होऊन ते साताऱ्याहून मुलाकडे परळला राहायला आले होते आणि वेळ जात नाही म्हणून आमच्या फळीवर येऊन बसायचे. सईस (घोड्याची देखभाल करणारा) मीठ मागताना मूठ दाखवून "एवढं" म्हणाला की यांचं डोकं फिरायचं. "मूठ कुणाची? तुझी का त्या पोराची?" त्यांनीच वडिलांना हिशेब घालून दिला. माणसाचा घाम रक्तापेक्षा कमी खारट, घोड्याचा रक्ताहून जास्त. लिटरभर घामात दहा ग्रॅमच्या आसपास क्षार जातात आणि उकाड्यात जोरात काम केलेला घोडा तासाभरात दहा लिटर घाम सहज गाळतो. पाण्यासोबत क्षारही निघून गेल्यामुळे रक्तातून मेंदूला तहानेची खूण मिळतच नाही. मालक म्हणतो, "बादली पुढ्यात आहे, पीत नाही, म्हणजे त्याला नकोय." तसं नसतं. त्याला हवंय, पण कळत नाहीये. दोन दिवसांनी लीद सुकी पडते, मग पोटशूळ, मग रात्री दोनला डॉक्टरांना फोन. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत अडकलेलं वरून बाहेर यायची सोय नाही.

सुभेदार भागीदार झाले ते कागदावर नाही, शब्दावर. नुस्खा त्यांचा, गाळा आमचा. दोन भाग मीठ, एक भाग पोटॅशियम क्लोराइड, थोडं कॅल्शियम, थोडं मॅग्नेशियम. यात गुपित काही नाही, कुणीही करावं. अवघड आहे ते मिसळणं. मिठाचा दाणा जाड आणि पोटॅशियमचा बारीक असला की टेम्पोच्या हादऱ्यांनी बारीक खाली बसतं. पोत्याच्या वरच्या थरातलं खाणारा घोडा एक खातो आणि तळातलं खाणारा दुसरंच. म्हणून आम्ही दोन्ही आधी दळून एकाच चाळणीतून काढतो. आमचा रिबन ब्लेंडर एका बंद पडलेल्या औषध कंपनीच्या भंगारातला. पाती घासून घेतली, बेअरिंग बदलली, मोटर नवी बसवली, तो अजून कुरकुर न करता फिरतोय. पावसाळ्यात मीठ पाझरतं. त्यासाठी आतली पिशवी जाड घेतो आणि सीलिंग मशीनची पट्टी रोज सकाळी पुसून घेतो. पट्टीवर मिठाचा एक कण राहिला तरी जोड उकलतो.

आणि गाळ्यात चहा बंद. पाहुणे हसतात. हसू देत. चहातलं कॅफीन शर्यतीच्या घोड्याच्या नमुन्यात सापडलं की ट्रेनर आणि मालक दोघंही गोत्यात येतात. कोको आणि खसखस यांचंही तेच. आमची माणसं डबासुद्धा बाहेरच्या ओट्यावर खातात. खाण्याचा सोडाही आम्ही पावडरीत घालत नाही. सोड्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि शर्यतीच्या घोड्याचा तो का मोजतात, हे आमच्या गिऱ्हाइकाला सांगायला नको.

मधली वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या आणि गाशा गुंडाळायला वर्षभराची मुदत दिली. निकालावर माझं काही म्हणणं नाही. डांबरावर उन्हात तासन्‌तास उभे राहणारे घोडे मी पाहिलेत. पण आमचं रोख गिऱ्हाईक गेलं. पागांची बिलं महिनोन्‌महिने थांबायची, टांगेवाला मात्र संध्याकाळी गल्ला मोजून पैसे टाकायचा. त्याच रोकडीवर आमचा कच्चा माल यायचा.

नेमक्या त्या वर्षी एक कंपनी पागांमध्ये शिरली. नाव घेत नाही, जुन्या लोकांना ठाऊक आहे. एसी गाडी, चकचकीत पुड्या, त्यावर उधळलेला घोडा, आत संत्र्याचा वास. भाव आमच्या तिप्पट. हेड सईसांना दिवाळीला काय काय पोचलं तेही गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. मी पुडी आणून मागचं बारीक छापलेलं वाचलं, तर निम्म्याहून जास्त साखर, डेक्स्ट्रोज. सोडियम नावाला. हे सांगायला गेलो तर एक ट्रेनर म्हणाले, "शेठ, तुमचं पॅकिंग सुधारा." ज्यांच्या घोड्यांसाठी सुभेदार पहाटे चारला बादल्या मोजत उभे राहायचे, ते हे गृहस्थ. शर्यतींचा सीझन संपेपर्यंत आमची अर्ध्याहून जास्त खाती तुटली. एक गाळा भाड्याने द्यावा लागला. सुभेदार तोवर गेले होते, ते बरंच झालं म्हणायचं.

टिकले ते चाचा. भायखळ्याचे, तीन पिढ्यांचे व्हिक्टोरियावाले. गाडी गेली तरी त्यांनी लग्नाच्या वरातींसाठी दोन घोड्या ठेवल्या. त्या कंपनीचा माणूस त्यांच्याकडे फुकट पुड्या घेऊन गेला तेव्हा मी तिथेच होतो. चाचांनी पुडी फोडली, बोट बुडवून चाटलं आणि म्हणाले, "बेटा, ये तो शरबत है. घोडी को नमक चाहिये." मग चांदणी घोडीचा ओठ वर करून हिरडीवर अंगठा दाबला. पांढरा डाग दोन आकडे मोजायच्या आत गुलाबी झाला, म्हणजे अंगात पाणी पुरेसं. "देखा? ये इनके नमक से है," म्हणून माझ्याकडे बोट. घेऊन घेऊन ते महिन्याला एकच पोतं घ्यायचे, त्यावर कारखाना चालत नाही, पण मी गाळा विकला नाही.

मार्च २०२० मध्ये शर्यती थांबल्या. शर्यत थांबली तरी घोडा खायचा थांबत नाही. कंपनीने उधारी बंद करून आगाऊ पैसे मागितले, मग त्यांचा माणूस दिसेनासाच झाला. जनावरांच्या वैरण-दाण्याला वाहतुकीची मुभा होती. आमचा टेम्पो पास लावून फिरत होता आणि आम्ही वहीवर माल देत होतो. पॅकिंगवाले ट्रेनरही वहीत आले. त्यांची बाकी अजून थोडी आहे, असो.

कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. आपोआप भरणारी पाण्याची भांडी बसवू नका. घोडा किती प्याला हे कळलंच पाहिजे. उभ्या घोड्याला दिवसाला पंचवीस लिटर तरी लागतं, उन्हाळ्यात काम असेल तर दुप्पट धरा. बादलीवर आतून रेघा मारा. घोडा पाणी पीत नसेल तर वरून पावडर कोंबू नका, ती आतड्यात उलट पाणी ओढते. ती भिजवलेल्या कोंड्यात द्या, शेजारी एक साध्या पाण्याची बादली आणि एक मिठाची ठेवा, तो निवडेल. मुंबईच्या दमटपणात ज्या घोड्याचा घामच बंद होतो, त्याला आमची पावडर हे औषध नाही. कुणी तसं विकत असेल तर दाराबाहेर काढा. त्याला पंखा, गार पाण्याची आंघोळ, पहाटेचं काम आणि डॉक्टर. पुण्याला नेताना पाण्याची चव बदलते आणि घोडा तोंड फिरवतो. निघायच्या आठवडाभर आधीपासून बादलीत थोडा गूळ घालायची सवय लावा, तिथेही तोच गूळ चालवा.

सध्या आंब्याच्या वासाची नवी पुडी बाजारात आलीय असं ऐकतो. मागची बाजू वाचून घ्या.

पुण्याच्या सीझनच्या ऑर्डरी मे अखेरपर्यंत द्याव्यात. वाटेत पोतं भिजलं तर बदलून देऊ. सईसाने मोरीजवळ ठेवलं असेल तर नाही.