तुम्ही विचारलंत म्हणून: पंच नसेल तर भांडणं होत नाहीत का?

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर आमच्या कॉलेजची मुलं-मुली फ्रिस्बी खेळत असली की सुरूबनाच्या सावलीत कोणी ना कोणी थांबतंच. थोडा वेळ बघतात आणि विचारतात, "यात अंपायर कोण?" कोणीच नाही म्हटलं की दुसरा प्रश्न ठरलेला: "मग भांडणं होत नाहीत?" पालकसभेत, एसटीत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला हे विचारलं गेलंय. तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

होतात. वाद होतात, आवाज चढतात, आणि खोटं बोलणारे खेळाडूही मी पाहिलेत. तरी हा खेळ पंचाशिवायच खेळावा असं मला मनापासून वाटतं.

खेळाचं नाव अल्टिमेट. 175 ग्रॅमची डिस्क, म्हणजे फ्रिस्बीची तबकडी, गवतावर सात-सात खेळाडू, वाळूवर पाच-पाच. आमच्या संघात मुलं-मुली एकत्रच खेळतात. डिस्क हातात असताना पळायचं नाही, फेकायची. समोरच्या टोकाच्या पट्ट्यात, म्हणजे एंडझोनमध्ये, आपल्याच माणसाने झेलली की गोल. खाली पडली की ती समोरच्यांची. अंगाला अंग लावायचं नाही.

आता फाऊल झाला तर? ज्याच्यावर झाला तोच ओरडतो आणि खेळ थांबतो. समोरच्याला मान्य असेल तर तो तसं म्हणतो. नसेल तर 'कंटेस्ट' म्हणतो आणि डिस्क बहुतेक वेळा आधी फेकणाऱ्याच्या हातात परत जाते. आंतरराष्ट्रीय नियमपुस्तिका सुरुवातीलाच गृहीत धरते की कोणी जाणूनबुजून नियम मोडणार नाही. म्हणून चुकून झालेल्या गोष्टीला कडक दंड ठेवलेला नाही. चूक झाली नसती तर खेळ जिथे असता, शक्य तितका तिथूनच तो पुढे सुरू करायचा. या एका तरतुदीवर माझा फार जीव आहे. शिक्षेची भीती नसल्यामुळे कबूल करणं सोपं जातं, आणि खोटं रेटूनही हाती काय लागतं? फार तर तोच थ्रो पुन्हा. लहानपणी लगोरी किंवा आट्यापाट्या खेळताना आपल्याकडे कुठे पंच होता? रडीचा डाव खेळणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कोणी खेळायला घेत नसे, एवढ्यावर सगळं चालायचं.

अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये पंच असतात, हे खरं. तिथल्या मोठ्या कॉलेज स्पर्धांमध्येही निरीक्षक असतात आणि खेळाडूंचं जुळलं नाही तर ते निकाल देतात. पैसा आणि प्रेक्षक आले की ते लागत असेल. पण हा खेळ जन्माला घातला तो शाळकरी मुलांनी, 1968 साली, न्यू जर्सीतल्या मेपलवुडमध्ये. पहिला आंतरविद्यापीठ सामना रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात 6 नोव्हेंबर 1972 रोजी झाला, तोही एका पार्किंगच्या जागेत. त्याच्या बरोबर 103 वर्षं आधी, त्याच तारखेला, याच दोन विद्यापीठांनी तिथे पहिला आंतरविद्यापीठ अमेरिकन फुटबॉल सामना खेळला होता. रटगर्सने फ्रिस्बीचा सामना 29-27 असा जिंकला. म्हणजे अटीतटी या खेळाला पहिल्यापासूनच नवी नाही.

आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर अटीतटीच्या सामन्यातच मिळतं. एकतर्फी सामन्यात सगळेच सज्जन असतात.

भाट्याला सामन्याची वेळ ओहोटी बघून ठरते. पुनवेच्या आसपास दुपारी भरती आणि संध्याकाळी ओहोटी, तेव्हा ओल्या, घट्ट वाळूचा रुंद पट्टा उघडा पडतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी तेवढं मागे हटत नाही. सकाळी जमिनीकडून येणारा हलका मतलई वारा असतो, पण उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येचा वारा चढतो. आमचं मैदान किनाऱ्याला धरून उत्तर-दक्षिण, त्यामुळे तो वारा एका संघाच्या पाठीवर आणि दुसऱ्याच्या तोंडावर येतो. समोरच्या वाऱ्यात डिस्क वर उचलली जाते आणि तरंगत राहते. पाठीच्या वाऱ्यात ती अंदाजाच्या आधीच खाली दबते. गोल करणारा संघ त्याच टोकाला उभा राहून पुढची डिस्क पलीकडे फेकतो, म्हणजे आता वारा समोरच्यांच्या पाठीशी. म्हणून वाऱ्याच्या दिवशी दोन बरोबरीचे संघ आलटून पालटून गोल करत जातात. वाऱ्याविरुद्ध जो गोल काढेल त्याचा सामना.

सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजशी आमचा सामना असाच 12-12 पर्यंत आला. तेराव्या गोलावर संपायचा होता. अशा शेवटच्या गोलाला मुलं युनिव्हर्स पॉइंट म्हणतात. डिस्क आमच्याकडे, वाराही आमच्या पाठीशी. आमच्या हँडलरने, म्हणजे फेकीची मुख्य जबाबदारी असलेल्या खेळाडूने, कडेने लांब फ्लिक (मनगटाच्या झटक्याने मारलेला थ्रो) मारला. तृतीय वर्षाला असलेली आमची एक मुलगी राखणाऱ्या मुलीला मागे टाकून झेपावली आणि डिस्क तिने दोन्ही हातांत घट्ट धरली. किनाऱ्यावर एकच गलका झाला, आमचे बदली खेळाडू मैदानात घुसले. तेवढ्यात तीच हात वर करून म्हणाली, "थांबा, माझा पाय दोरीवर पडला."

वाळूत चुन्याची रेघ टिकत नाही, म्हणून दोरी ताणलेली असते. गोलरेषा एंडझोनमध्ये धरत नाहीत, पाय तिला लागला की गोल नाही. राखणारी मुलगी मागे होती. तिनेही सरळ सांगितलं, "माका काय दिसूक नाय." आमच्या कप्तानाने एकदाच विचारलं, "नक्की?"

"नक्की. बोटांना लागली दोरी."

खेळ तिथूनच, रेषेपासून पुन्हा सुरू झाला. पुढचा थ्रो जेमतेम चार हातांचा होता, पण वाऱ्याने दाबला आणि डिस्क झेलणाऱ्याच्या पायाशी पडली. मग समोरच्यांनी जे केलं ते बघण्यासारखं होतं. संपूर्ण मैदान वाऱ्याविरुद्ध, एकही लांब थ्रो न मारता, वाळूलगत छोटे छोटे पास. मध्ये त्यांनी एकदा फाऊल मागितला, आमच्या मुलाने कंटेस्ट केलं, दोघं थोडं बोलले, डिस्क मागे गेली. तरी ते पोहोचले. 12-13, आम्ही हरलो.

बघायला थांबलेले एक काका मला म्हणाले, "गप्प बसली असती तर जिंकला असतात." अगदी खरं आहे. समोरच्यांना कधी कळलंही नसतं. मला त्या पराभवाची हळहळ आजही वाटते. पण रेषेबद्दल ज्याला सर्वांत नीट दिसलं त्याने सांगायचं, असा नियम आहे. त्या क्षणी त्या मैदानावरची पंच तीच होती, आणि तिने निकाल दिला. तिच्या जागी शिट्टीवाला असता तर तो निकाल त्याच्यावर सोडून ती नाचायला मोकळी होती. वीस वर्षांच्या मुलीला ही जबाबदारी पेलता येते, हे मला कुठल्याही चषकापेक्षा मोठं वाटतं. माझी मुलं हा खेळ खेळावीत असं वाटतं ते त्यासाठीच.

सामन्यानंतर दोन्ही संघ खांद्यांवर हात टाकून गोल उभे राहतात, याला स्पिरिट सर्कल म्हणतात. मग एकमेकांना गुण द्यायचे असतात: नियमांचं ज्ञान, अंगाला अंग न लावणं, न्यायबुद्धी, वृत्ती आणि संवाद. प्रत्येकाला 0 ते 4, आणि 2 म्हणजे सर्वसाधारण चांगलं. त्यांनी आम्हाला न्यायबुद्धीला 4 दिले. नियमांना मात्र 1. कारणही तोंडावर सांगितलं: आमची दोन मुलं 'पिक' आणि फाऊल यात गल्लत करत होती. एखाद्याला राखत पळताना मध्ये तिसराच खेळाडू आडवा आला तर तो पिक, त्याचा धक्क्याशी संबंध नाही. ते गुण योग्यच होते. तेव्हापासून सरावाआधी आम्ही सुरूबनात बसून नियम मोठ्याने वाचतो, आणि समजावून सांगायचं काम त्याच दोघांकडे दिलंय.