पहिली कॅसेट, बी साइड: इव्हान्सचा 'स' सापडला!

मंडळी, सापडला. पाच आठवडे एका जुन्या कॅसेटवरच्या ज्या एका 'स'च्या मागे लागले होते तो काल रात्री पावणेबाराला स्पष्ट ऐकू आला. हेडफोन काढून तशीच बसून राहिले थोडा वेळ, आणि मग आधी तुम्हालाच सांगावं म्हणून लिहायला घेतलं.

मागचं ज्यांनी वाचलंय त्यांना माहितीय, मावसदादाने लॉस एंजेलिसहून येताना रॉबर्ट इव्हान्सच्या आत्मचरित्राचा जुना कॅसेट सेट आणला होता, १९९४ चा, त्याने स्वतः वाचलेला. हॉलिवूडच्या पॅरामाउंट स्टुडिओचा तोच तो निर्मिती प्रमुख, रोझमेरीज बेबी, लव्ह स्टोरी, गॉडफादर ज्याच्या काळात आले आणि चायनाटाउन ज्याने स्वतः निर्माता म्हणून काढला. डेकच्या बेल्टचा डांबर झाला होता तो काढून नवे बेल्ट बसवले, पिंच रोलर (टेपला दाबून पुढे नेणारी रबरी चाकी) बदलला, बाकीच्या कॅसेट एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवल्या, हे सगळं आधी येऊन गेलंय. राहिली होती ती पहिली कॅसेट, कारण तिचा प्रेशर पॅड, म्हणजे टेपला हेडवर दाबून धरणारी छोटी गादी, निसटून आत खुळखुळत होता आणि शेलला, म्हणजे बाहेरच्या डबीला, स्क्रूच नव्हते, वितळवून चिकटवलेला, वेल्ड केलेला शेल. म्हणून ती शेवटी ठेवली होती.

आणि मला नेमकी तीच हवी होती! त्यात निर्माता डॅरिल झानकचा प्रसंग आहे.

तो प्रसंग थोडक्यात सांगते, कारण पुढचा सगळा उपद्व्याप त्याच्यासाठी आहे. इव्हान्स भावाच्या कपड्यांच्या धंद्यात, इव्हान-पिकोनमध्ये. १९५६ साली बेव्हर्ली हिल्स हॉटेलच्या स्विमिंग पूलवर नटी नॉर्मा शिअररची नजर त्याच्यावर पडली, आपल्या दिवंगत नवऱ्याची, निर्माता अर्विंग थालबर्गची भूमिका याने करावी असं तिने ठरवलं आणि हा पडद्यावर आला. मग डॅरिल झानकने त्याला हेमिंग्वेच्या कादंबरीवरच्या सिनेमात बुलफायटर म्हणून घेतलं. मेक्सिकोत शूटिंग. इव्हान्स सांगतो की एव्हा गार्डनर, टायरोन पॉवर आणि खुद्द हेमिंग्वे यांनी मिळून झानकला तार केली, हा पोरगा नको. झानक स्वतः आला, याला रिंगणात बुलफायटरचं करून दाखवायला लावलं, शांतपणे बघितलं आणि भोंगा तोंडाला लावून सगळ्या युनिटला सांगितलं की पोरगा पिक्चरमध्ये राहणार, ज्याला पटत नसेल त्याने खुशाल जावं. द किड स्टेज इन द पिक्चर. तेच पुढे पुस्तकाचं नाव झालं. आणि इव्हान्सचं म्हणणं, त्या क्षणी मला कळलं की नट व्हायचं नाही, भोंगा हातात असलेला माणूस व्हायचं.

आता हे वाक्य इंग्रजीत तोंडाने म्हणून बघा. क, ड, स, ट, प, क, च. सगळी टोकदार व्यंजनं. टेप बिघडली की सगळ्यात आधी हीच जातात, आणि माझ्या पहिल्या ट्रान्सफरमध्ये ती गेलीच होती, स्टेजचा 'स' म्हणजे ओल्या फडक्यातून आल्यासारखा. बरं, कायम तसाच असता तर अ‍ॅझिमथ (टेप वाचणाऱ्या हेडचा टेपशी असलेला कोन) चुकलाय म्हणून हेडचा स्क्रू फिरवला असता आणि मोकळी झाले असते. पण हा येत-जात होता. एका शब्दात लख्ख, पुढच्या शब्दात गायब, मग परत लख्ख.

आधी शेलवर संशय घेतला. ब्लेडने शिवणीवरून हलक्या हाताने रेघा मारत मारत वेल्ड उघडलं (दीड तास लागला, घाई करू नका, ब्लेड आत घसरलं की टेपच कापते) आणि टेप नव्या स्क्रूवाल्या शेलमध्ये हलवली. हे शेल ऑनलाइन मागवले होते, दहाचा पॅक. विक्रेत्याचं नाव घेत नाही, पण दहातले चार सपाट टेबलावर ठेवले तर डुगडुगत होते आणि आतले लायनर, म्हणजे रीळ आणि शेलच्या मधले ते पातळ कागद, नुसते साध्या प्लास्टिकचे, ग्रॅफाइटचा पत्ताच नाही. कॅसेटला हात लावणाऱ्याने हे असलं विकू नये. यापेक्षा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एखाद्या जुन्या दुकानात धूळ खात पडलेली कोरी कॅसेट घेऊन तिचा शेल वापरा, स्वस्तही पडतो आणि सरळही असतो.

नवा शेल, नवा पॅड, आणि आवाज? आधीपेक्षा वाईट! तीन दिवस डेकला हात लावला नाही.

चौथ्या दिवशी कानाने ऐकणं बंद केलं आणि डोळ्याने बघायला लागले. रेकॉर्डिंग मोनो आहे, डाव्या-उजव्या दोन्ही ट्रॅकवर तोच आवाज, त्यामुळे अ‍ॅझिमथ बरोबर असेल तर ऑडॅसिटीत (कॉम्प्युटरवरचं आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) दोन्ही लाटा एकाखाली एक तंतोतंत यायला पाहिजेत. ९६ किलोहर्ट्झला रेकॉर्ड करून झूम केलं, तर उजवा चॅनेल डाव्याच्या मागे. किती मागे? कधी २ सॅम्पल (कॉम्प्युटर आवाजाचे सेकंदाला ९६ हजार नमुने घेतो, त्यातले), कधी ९. नऊ सॅम्पल म्हणजे सुमारे ९४ मायक्रोसेकंद, ऐकायला काहीच नाही, पण मी दोन्ही चॅनेल मिळवून मोनो करत होते ना, तेव्हा सव्वापाच हजार हर्ट्झच्या आसपास दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, आणि इंग्रजी 'स' बरोबर त्याच मोहल्ल्यात राहतो. कोनात बघाल तर हे सगळं एक अंशाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. टेपची रुंदी ३.८१ मिलिमीटर, चालते सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, तिथे एवढ्याने एका माणसाच्या तोंडातलं अक्षर जातं.

मग नुसतं मोजत बसले. वहीत रकाने आखले, वेळ आणि सॅम्पलचा फरक. बी साइडच्या सुरुवातीला फरक साधारण दर सव्वातीन सेकंदांनी एकदा वर जायचा. मध्यावर अडीच. शेवटाकडे दीड! म्हणजे जे काही अडखळत होतं ते गोल फिरत होतं, आणि टेप संपत जाईल तसं जोरात फिरत होतं. उजवी रीळ भरत जाते, ती हळूहळू संथ होते. डावी रिकामी होत जाते, ती वेगात येते. हिशोब केला, भरलेल्या रिळाचा घेर भागिले ४.७६, सव्वातीन सेकंद बरोबर जुळले. रिकाम्या हबचा, म्हणजे रिळाच्या मधल्या चाकाचा, दीडच्या आत-बाहेर. अंगावर काटा आला खरंच. चोर हेड नव्हता, शेल नव्हता, डावी रीळ होती.

टॉर्च धरून बघितलं तर दिसलं. टेपच्या थाळीतून तीन-चार वेढे बाकीच्यांपेक्षा केसभर वर आलेले, एका बाजूला जास्त. एवढी वर्षं कुठेतरी उभी-आडवी, उन्हात ठेवली गेली असणार. दर फेऱ्याला ती उंच कड त्या भिकार लायनरला घासायची, टेपला बारीक हिसका बसायचा आणि ती हेडवर तिरकी व्हायची. जुन्या शेलमधले लायनरही झिजलेले होतेच, म्हणून तिथेही तेच, थोडं कमी. कोणीतरी मागे सुचवलं होतं की ड्युअल कॅपस्टन डेक (टेप ओढणाऱ्या दोन फिरत्या दांड्यांचा) घे, मधली टेप रिळांपासून सुटी राहते म्हणून. बरोबर आहे. नाकामिची कंपनीच्या ड्रॅगन डेकने तर १९८२ सालीच चालू टेपवर अ‍ॅझिमथ आपोआप लावून दाखवला होता, माझ्या मते कॅसेटच्या जगात त्याच्यापुढे कोणी गेलंच नाही. पण माझा डेक सिंगल कॅपस्टन, दोन हेडचा, आणि मला त्याच्यावरच हे करायचं होतं.

उपाय घरातच निघाला. बाबांच्या कपाटात टीडीके एसएची एक कोरी कॅसेट होती, सील न फोडलेली. बाबा गेल्यापासून ती तशीच ठेवली होती. आईला विचारलं. ती म्हणाली, "अगं, वापरायलाच आणली होती ना त्यांनी." काल संध्याकाळी सील फोडलं. आतले लायनर काळेभोर, ग्रॅफाइटचे, बोटाला रेशमासारखे लागतात, मधे हलकी घडी असते जी रिळाला दोन्हीकडून मऊ दाबून धरते. असं काम आता कोणी करत नाही. शेलसकट सगळं वापरलं, टेप त्यात हलवली, मग फास्ट फॉरवर्ड न करता प्लेच्या वेगाने या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा जाऊ दिली, म्हणजे वर आलेले वेढे हळूहळू आपल्या जागी बसतात. हेड, कॅपस्टन आयसोप्रोपिलने पुसले. स्क्रू पाव फेऱ्याच्याही निम्म्याने फिरवला. फरक ० ते १ सॅम्पल, पूर्ण साइडभर, हलला नाही.

आणि मग तो प्रसंग आला. भोंगा, आणि 'स्टेज'. तो 'स' असा सुटा, कोरडा, दातांमधून हवा गेल्याचं कळावं असा.

आई पाणी प्यायला उठली होती, दारात उभी राहून ऐकत होती. इंग्रजी तिला फारसं कळत नाही, पण जन्मभर आकाशवाणी ऐकलेली बाई. म्हणाली, "हा रेडिओवरचा माणूस आहे का गं?" मी बघतच राहिले. कारण इव्हान्स खरोखर लहानपणी न्यूयॉर्कमध्ये रेडिओवर कामं करायचा, नाना प्रकारचे आवाज काढून. माइकपाशी कधी कुजबुजायचं आणि कधी दरडावायचं हे त्याला तेव्हापासून ठाऊक. गल्फ अँड वेस्टर्न कंपनीचा प्रमुख, व्हिएन्नात जन्मलेला चार्ल्स ब्लूडॉर्न, ज्याने १९६६ मध्ये पॅरामाउंट विकत घेतली आणि एकही सिनेमा न काढलेल्या या माणसाच्या हातात दिली, तो बोलायला लागला की इव्हान्सचा आवाज लगेच व्हिएन्नाचा होतो. छापील पुस्तकात हे कुठून येणार? माझ्यासाठी हे आत्मचरित्र म्हणजे हा आवाजच आहे, पुस्तक त्याची संहिता. शिवाय १९९८ मध्ये त्याला स्ट्रोक आला, त्यात वाचाच गेली होती, ती परत मिळवायला फार झगडावं लागलं. हे वाचन त्याच्या आधीचं आहे. २०१९ मध्ये तो ८९ व्या वर्षी गेला.

तो सांगतो ते सगळं खरं धरायचं असं मी म्हणत नाही. गॉडफादरची लांबी वाढवायला मीच लावलं असं तो म्हणतो, दिग्दर्शक कोपोलाचं म्हणणं वेगळं आहे. पण अ‍ॅली मॅकग्रॉ, त्याची बायको, सोडून गेली तो भाग तो वाचतो तेव्हा मधे थांबतो, आणि ते थांबणं मला कुठल्याही पुराव्याइतकंच खरं वाटतं. तिथला हिसही (टेपची सततची सरसर) म्हणूनच काढणार नाहीये. मागच्या वेळी नॉइज रिडक्शन लावायचं म्हणाले होते, ते रद्द. लावून बघितलं, त्या थांबण्यातला श्वासच पुसला जातो.

आणि हे लिहितालिहिता डोक्यात आलं, बाकीच्या कॅसेटचं काय? त्या मी सरळ मोनो करून टाकल्या, कानाला बऱ्या वाटल्या म्हणून. पण तेव्हाच्या विकत मिळणाऱ्या कॅसेट फॅक्टरीत कितीतरी पट वेगाने, एकाच वेळी अनेक मशीनवर भरायचे, प्रत्येक मशीनचा हेड थोडा वेगळा. म्हणजे एकाच सेटमधल्या दोन कॅसेटचा अ‍ॅझिमथ सारखा असेलच असं नाही, दोन साइडचाही नाही. आत्ता उठून एका जुन्या फाइलची मूळ स्टिरिओ प्रत उघडून बघितली (नशिबाने ठेवली होती): ४ सॅम्पल, स्थिर. म्हणजे तिथेही बारा हजारांच्या आसपासची धार गेलीय. ठरलं, सगळा सेट परत. पुढच्या आठवड्यात पुस्तकातली प्रकरणं आणि टेपवरचे भाग जुळवून यादी देणार होते, ती आता थांबेल.

यावेळी पद्धतही बदलते. आधी रेकॉर्ड आणि मग मोजणं असं नको, रेकॉर्ड करतानाच फेज स्कोप (दोन चॅनेलमधला फरक आकृतीत दाखवणारी खिडकी) उघडा ठेवायचा, त्यातली लिसाजूची आकृती एक सरळ तिरकी रेघ झाली की थांबायचं. प्रत्येक साइडसाठी स्क्रू कुठे होता ते वहीत, आणि मूळ जागेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका म्हणजे परत येता येईल. मोनो करायचं ते अगदी शेवटी, मूळ दोन्ही चॅनेल जपून. आणि प्लीज फाइल मागू नका, ही माझ्या घरच्या ऐकण्यापुरती आहे. पद्धत मात्र हवी तेवढी विचारा. ग्रॅफाइटचे जुने लायनर कोणाकडे पडून असतील तर सांगा, बदल्यात माझ्याकडे तीन चांगले पिंच रोलर आहेत, १३ मिलिमीटरचे.

आता दुसऱ्या कॅसेटची ए साइड लावते. आईने चहा टाकलाय आणि खुर्ची इकडेच ओढून घेतलीय.