ओरेगॉनला गेलेल्या बाईचं माहेर शोधताना

एकोणिसाव्या शतकात बैलगाड्यांच्या तांड्यातून अमेरिकेच्या पश्चिम टोकाला, ओरेगॉनला गेलेल्या बाईचा वंशवृक्ष मांडताना हमखास अडतं ते तिच्या माहेरच्या आडनावापाशी. 1840 पर्यंतच्या अमेरिकन जनगणनेत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकीची माणसं म्हणजे वयोगटांच्या रकान्यातले नुसते आकडे. 1850 पासून घरातल्या प्रत्येक मुक्त (म्हणजे गुलाम नसलेल्या) माणसाचं नाव येतं, पण कुटुंबप्रमुखाशी नातं 1880 पासूनच लिहिलेलं सापडतं. म्हणून मधल्या याद्यांत पुरुषाच्या खालोखाल दिसणारी बाई त्याची बायकोच, असं धरून चालू नका. ती बहीण असू शकते. बायको असली तरी मुलं पहिलीची असू शकतात. पुढे स्त्री-मताधिकारासाठी लढलेल्या ॲबिगेल स्कॉट डनिवेची आई ॲन 1852 मध्ये वाटेतच कॉलऱ्याने गेली. सतरा वर्षांची ॲबिगेल तेव्हा प्रवासाची रोजनिशी लिहीत होती. अशी रोजनिशी फार थोड्या घरांना लाभली.

माझ्या मते खरा खजिना जमिनीच्या कागदांत आहे. 1850 च्या डोनेशन लँड कायद्याने, मूळ रहिवाशांशी करार होण्याआधीच, त्यांची जमीन वसाहतवाल्यांना वाटायला काढली. 1 डिसेंबर 1850 पूर्वी आलेल्या एकट्या पुरुषाला 320 एकर, जोडप्याला 640, आणि त्यातली निम्मी बायकोच्या स्वतःच्या हक्काची. त्यानंतर आलेल्यांना याच्या निम्मं. अट चार वर्षं राहून कसण्याची. बायकोचा वाटा मिळवायचा तर लग्न सिद्ध करावं लागे, त्यामुळे फाइलमध्ये लग्नाची तारीख, ठिकाण आणि साक्षीदारांची शपथपत्रं असतात. माहेरचं आडनाव दरवेळी नसतं. साक्षीदार मात्र नीट तपासा, पुष्कळदा तो तिचा भाऊ किंवा मेहुणा निघतो. फाइल राजधानी वॉशिंग्टन डी.सी.च्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संग्रहात असते.

नावांनीही फसगत होते: पॉली म्हणजे मेरी, सॅली म्हणजे सारा, पॅट्सी म्हणजे मार्था. वय दर दहा वर्षांनी दहानेच वाढेल, ही अपेक्षाही सोडा.

1890 च्या याद्या 1921 च्या आगीत आणि त्यानंतरच्या नासाडीत जवळजवळ सगळ्या गेल्या, म्हणून 1880 वरून थेट 1900 वर उडी मारावी लागते. तिथे जन्माचा महिना, लग्नाला झालेली वर्षं, बाईला झालेली मुलं आणि हयात मुलं, असे रकाने आहेत. समजा 11 आणि 7 लिहिलंय, तर गेलेली चार मुलं आधीच्या याद्यांत शोधा. तिथेही नसतील तर 1850 ते 1880 च्या जनगणनांसोबतच्या मृत्यूंच्या वेगळ्या याद्या पाहा. त्यांत जनगणनेआधीच्या एकाच वर्षातले मृत्यू आहेत, कारणासकट.