२८ विरुद्ध ३६०

एकोणिसाव्या अरबाला डावा हात नाही. डब्यातून निघाला तेव्हा होता. त्याच्या हातातली बंदूक कापून तिथे तोड्याची लांब बंदूक बसवायला गेले आणि पातं मनगटातून आरपार गेलं. दिवसभर मी डेंटल लॅबमध्ये लोकांच्या दातांच्या कॅप करते. मेणातल्या दाढेचं टोक केसभर उंच राहिलं तर नुसत्या नजरेला कळतं. आणि संध्याकाळी घरी येऊन तेवीस मिलिमीटरच्या माणसाचा हात तोडते.

हे खूळ कसलं, असं नव्याने विचारणाऱ्यांसाठी: टेबलावर डोंगर-नदी-गाव मांडायचं, त्यावर छोटे सैनिक उभे करायचे, पट्टीने अंतर मोजून ते पुढे सरकवायचे आणि कोण मेलं ते फाशांवर ठरवायचं. प्रशियाच्या सैन्यातले अधिकारी १८२४ पासून असे नकाशावरचे खेळ खेळून लढाई शिकत. आम्ही काहीच शिकत नाही. मी रंगवते, भाचा खेळतो, आणि आमचे हे दर महिन्याच्या पाकिटाकडे बघून "आली का नवी पलटण?" एवढंच विचारतात.

तर सीताबर्डी. नागपुरात जन्मून, रोज त्या टेकडीला वळसा घालून कामाला जाऊन, दुसऱ्या कुठल्या देशाची लढाई का रंगवायची? २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी सुरू झालेली लढाई दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली. ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूला जेमतेम १,४०० माणसं, नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांकडे १८,००० च्या आसपास. टेबलावरचा एक सैनिक म्हणजे पन्नास माणसं असा हिशोब मी धरला. आता भागाकार करा. इंग्रजांचे २८. भोसल्यांचे ३६०.

हा भागाकार मी डबे मागवल्यानंतर केला.

२८ लाल कोटवाले तर आठवड्यात झाले. मद्रासच्या पायदळाचे शिपाई, सगळ्यांचा कोट लाल, छातीवर पांढरे पट्टे फुलीसारखे. सगळ्यांना ओळीने उभं करायचं, सगळ्यांचे कोट एका दमात, मग सगळ्यांचे पट्टे, मग सगळ्यांचे चेहरे. लॅबमध्ये एकाच वेळी दहा कॅपवर ग्लेझ चढवतो तसंच. डोकं लागत नाही, रेडिओ ऐकत होतं.

भोसल्यांच्या अरबांचं तसं नाही. भाडोत्री माणसं, आपापल्या कपड्यांत आलेली. कुणाचं मुंडासं मातकट, कुणाचं निळं. कुणाची लुंगी रेघांची, कुणाची मळून रंग उडालेली. कमरेला जंबिया, म्हणजे वाकडा खंजीर, पण खोचायची तऱ्हा वेगळी. एकाचा रंग दुसऱ्याला चालत नाही. एकेक माणूस वेगळा घ्यावा लागतो. तीन वर्षांत चौऱ्याऐंशी झाले. भाचा म्हणतो, "मावशी, तू अजून अरबच रंगवून राहिली? घोडदळ कधी?" घोडदळाचं नाव काढू नको, म्हटलं.

ही फौज तयार डब्यात मिळत नाही, हेही आहेच. नेपोलियनच्या काळातला फ्रेंच हवा तर डझनभर प्रकार मिळतील, १८१७ चा नागपूरकर जोडूनच करावा लागतो. माझी कृती अशी. दुसऱ्याच कुठल्या तरी डब्यातला इजिप्तचा मामलुक स्वार किंवा वाळवंटातला स्वार घ्यायचा, डोक्यावरचं असेल ते तासायचं. एम-सीलच्या दोन्ही वड्या सारख्या मळून ओल्या बोटांनी शेवईहून बारीक वळी करायची. ती डोक्याभोवती तीन वेढे गुंडाळायची आणि दहा मिनिटं थांबायचं. लगेच हात लावला तर चिकटतं, फार थांबलं तर दगड. मधल्या वेळात मेण कोरायच्या हत्याराने, म्हणजे दाढेच्या खाचा काढतो त्याच टोकाने, कापडाच्या चुण्या तिरप्या ओढायच्या. चुण्या समांतर ओढल्या तर मुंडासं नाही, जिलबी दिसते. पहिल्या सहा जणांच्या डोक्यावर जिलब्याच आहेत. मागच्या रांगेत उभे केलेत.

ब्रशबद्दल नवीन लोक फसतात म्हणून सांगते. तीन शून्यांचा, म्हणजे अगदी बारीक, ब्रश घेऊ नका. त्यात रंग राहतच नाही, डोळ्यापर्यंत पोचेपर्यंत वाळतो. एक किंवा दोन नंबरचा, कोलिन्स्की केसांचा, टोक शाबूत असलेला घ्या. पोर्सलेनचे थर चढवायला आम्ही हेच ब्रश वापरतो, त्यामुळे लॅबमधले म्हातारे झालेले माझ्याकडे निवृत्तीला येतात. आणि मे महिन्यात नागपुरात रंगवायचं असेल तर ओली पॅलेट पाहिजेच: डब्याचं पसरट झाकण, त्यात भिजवलेला स्पंज, वर बटर पेपर, त्यावर रंग. कूलरच्या झोतात बसलात तर रंग सुकतो आणि कूलर बंद केला तर माणूस सुकतो. मी कूलरकडे पाठ करून बसते आणि पाठीला ओल येते.

पावसाळ्याचं दुखणं वेगळं. दोन वर्षांपूर्वी जुलैत, बाहेर झड लागलेली असताना, गच्चीच्या जिन्यात उभं राहून मी त्या २८ जणांवर मॅट वार्निश फवारलं. सकाळी पाहते तर सगळ्यांवर पांढरी बुरशी! हवेतला दमटपणा वार्निशात अडकला की असा धुरकट थर येतो. मी रडले नाही, पण पोळ्या जळल्या. शेवटी ब्रशने चकचकीत वार्निशचा पातळ हात दिला तेव्हा धुकं विरलं आणि लाल कोट खालून परत आले. फक्त आता ते तेल लावून लढायला आल्यासारखे दिसतात. तेव्हापासून जून ते सप्टेंबर फवारणी बंद.

मऊ प्लास्टिकवर रंग टिकत नाही ही तक्रार मला बरेच जण सांगतात. आधी भांड्यांच्या साबणाने घासून धुता का? साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेल अंगावर असतं, त्यावर रंग बसणार कसा. धुवा, वाळवा, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचा एक पातळ हात द्या, मग रंगवा. वाकलेली बंदूक सरळ करतानाही पापुद्रे निघत नाहीत.

डोळे. या उंचीच्या सैनिकाला डोळे काढूच नयेत, भुवईखाली सावली पुरते. पण अठ्ठावीस मिलिमीटरचे दोन सरदार मी धातूचे मागवलेत (कस्टमचं बिल मी फाडून टाकलं, घरात कुणी वाचू नये म्हणून), आणि त्यांचे डोळे काही केल्या जमेनात. एक कायम दचकलेला, दुसरा तिरळा. शेवटी गणपतीच्या आधी महालात चितारओळीत गेले. तिथे एका मूर्तिकार काकांना आखणी करताना तासभर नुसतं पाहिलं. ते डोळा काढत होते तेव्हा हात मूर्तीला लागलेला नव्हता, पण उजव्या हाताची करंगळी डाव्या मनगटावर टेकलेली होती. ब्रश टेकवायच्या आधी श्वास सोडला आणि तो परत घेतलाच नाही, वरच्या पापणीची रेघ पूर्ण होईपर्यंत. मी खिशातून सरदार काढून दाखवला. त्यांनी तो चष्म्याजवळ नेला, हसले. "ताई, याले बुबुळ टाकलं तुम्ही आधी. आधी काळं करा, पांढरं मागून द्या."

घरी येऊन तसंच केलं. खोबणीत गडद तपकिरी आडवी रेघ, तिच्यात दोन्ही टोकांना मळकट पांढऱ्याचे दोन ठिपके, मधे जी काळी जागा उरते तेच बुबुळ, आणि मग खालून कातडीच्या रंगाने डोळा बारीक करत आणायचा. सरदार आता दचकत नाही. थोडा झोपाळलेला आहे, पण सरदार आहे.

रंगवता रंगवता माणूस वाचायला लागतो. माझ्या २८ मधले निम्मे २४ व्या मद्रास रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचे. ही पलटण मुळात पहिल्या रेजिमेंटची. १८०६ मध्ये वेल्लोरला शिपाई उठले, त्यामागच्या कारणांतलं एक म्हणजे नव्याने लादलेली टोपी. त्या उठावापायी पलटणीचा नंबर काढून घेतला आणि उरलेल्यांना २४ वा नंबर दिला. अकरा वर्षांनी सीताबर्डीवर लढल्याचं बक्षीस म्हणून त्यांनी काय मागितलं, तर जुना नंबर. आणि तो मिळाला. हे कळल्यावर मी त्या चौदा जणांच्या टोप्या पुन्हा रंगवल्या. आधी उरकल्या होत्या.

जानेवारीत एकदा खेळलो, अर्ध्याच फौजेवर. भाचा नेहमी भोसल्यांकडून. खऱ्या लढाईत दुसऱ्या दिवशी सकाळी अरबांनी उत्तरेची लहान टेकडी घेतली होती. मग तिथेच दारूगोळ्याच्या एका गाड्याचा स्फोट झाला आणि त्या गोंधळात कंपनीच्या शिपायांनी टेकडी परत मिळवली. हे खेळात आणायचं म्हणून मी नियम केला: टेकडी हातात असेपर्यंत दर डावाला भाच्याने दोन फासे टाकायचे, दोन्ही सहा आले तर गाडा उडाला. छत्तीसात एकदा. त्याने टेकडी घेतली, पहिल्याच डावाला फासे टाकले. सहा, सहा.

"हा काय नियम आहे का, मावशी?" त्याने फासे असे काही ठेवले की एक फ्रिजखाली गेला. दोनशे वर्षांपूर्वीही कुणी तरी हेच म्हणालं असेल, असं मी म्हणणार होते, पण त्याचा चेहरा बघून चहा टाकला.

मग २६ जानेवारीला त्याला घेऊन किल्ल्यावर गेले. किल्ला लष्कराकडे आहे, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा दिवशी लोकांना सोडतात. शाळेच्या सहलीनंतर पहिल्यांदाच वर चढत होते. निम्म्यात गुडघ्यांनी सांगितलं की माझी टेबलावरची टेकडी साफ खोटी आहे. थर्मोकोलची, पोळपाटासारखी सपाट, कारण उतार तीव्र केला तर सैनिक घसरून पडतात. भाचा पुढे जाऊन परत आला. "इथून धावत वर यायचं? बंदूक घेऊन?" असं म्हणून खाली बघत राहिला.

वाटेत एका ठिकाणी काळा दगड उघडा पडला होता, पायरी पायरीने. दख्खनच्या या खडकाला ट्रॅप म्हणतात, तो शब्दच मुळी जिन्यावरून आलेला. म्हणजे पायऱ्या चालतील! प्रत्येक पायरीवर एक रांग उभी राहील, घसरणार नाही, आणि दोन पायऱ्यांमधली भिंत पाहिजे तेवढी उभी ठेवता येईल. वर वाळलेलं गवत, कारण नोव्हेंबर. वापरून वाळवलेली चहापत्ती त्याला उत्तम, फक्त नीट वाळवा, माझ्या पहिल्या मैदानाला आठ दिवसांनी वास आला होता.

लॅबमध्ये डेंटल स्टोनचं, म्हणजे दातांचे साचे ओतायच्या कडक प्लास्टरचं, अर्धं पोतं उरलंय. येत्या रविवारी ओतते. एकोणिसाव्या अरबाला हात करत नाही आता, बाही खाली ओढून झोळीत अडकवली आहे. आदल्या रात्री गोळी लागली होती त्याला.