घोडा उभाच राहीना

आमच्या घरापासून गेटिसबर्ग गाडीनं तासभर. १ ते ३ जुलै १८६३ ला तिथं अमेरिकेच्या यादवी युद्धातली लढाई झाली, आणि इकडच्या काही मंडळींच्या लेखी ती अजून चालूच आहे. शेजारचे आजोबा त्यांतलेच. सत्तरी ओलांडली, तरी उन्हाळ्यात निळा लोकरी कोट चढवून लढाईच्या नाट्यप्रयोगात उत्तरेचे घोडेस्वार होतात. परवा ते फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर घेऊन दारात उभे. "तू मेकॅनिकल ना? बघ जरा."

१८५१ च्या कोल्ट नेव्हीची ही नक्कल, इटलीत ब्रेशियाजवळच्या गार्दोने गावात बनलेली. यात काडतूस नसतं. सिलिंडरच्या सहा भोकांत पुढून दारू नि गोळी ठासायची आणि मागच्या निपलवर, म्हणजे बारीक बोंडावर, तांब्याची टोपी बसवायची. आपल्या दिवाळीतल्या टिकलीची मोठी बहीणच. बार झाला की टोपीच्या चिंध्या होतात नि एखादी घोड्याच्या, म्हणजे टोपीवर आदळणाऱ्या हातोडीच्या, फटीत पडून सगळं अडकवते. म्हणून सहाही भोकं रिकामी असल्याची खात्री करून आधी तिथंच टॉर्च मारला. काही नव्हतं.

घोडा ओढला तर ना अर्ध्यावर थांबे, ना पूर्ण. चाप लुळा. आजोबांचं निदान तयार होतं: घोड्याच्या खाचा झिजल्या. मला ते पटेना, कारण घोडा अंगठ्यानं मागे धरून ठेवला तरी सिलिंडर बोटानं गरगर फिरत होता. त्याला अडवणारी खिट्टीही लुळी होती तर! चाप आणि खिट्टी या दोघांना दाबणारी कमान एकच असते, दोन पायांची, चिमट्यासारखी. दोन्ही पाय एकदम कशाला मोडतील?

स्क्रूची खाच अरुंद नि सरळ असते, घरातला निमुळता स्क्रू ड्रायव्हर लावला की तिची वाट लागते. आजोबांनी पूर्वी तो लावलेला होता, हे दिसतच होतं. मुठीतली मोठी कमान सैल केली, चापाचं कडं उतरवलं. आत काजळी नि तेलाचं काळं लोणचं. छोट्या कमानीचा स्क्रू दोन आटे बाहेर आलेला. आवळला, चाप ताठ!

पण नळी छताकडे करून घोडा ओढला, तर सिलिंडर जागचा हलेना. नळी जमिनीकडे केली की बरोबर फिरे. सिलिंडर ढकलणारी पट्टी घोड्यालाच जोडलेली असते. तिची बारीक स्प्रिंग तुटली की पट्टी मागे पडते, नळी खाली असेल तेव्हाच वजनानं पुढे येते. आजोबा म्हणाले, "हो, ते बरेच दिवस आहे." डॉक्टरकडे गेल्यावर दुसरं दुखणं शेवटी सांगणारे पेशंट सगळीकडे सारखेच.

नवी पट्टी आठवड्यानं आली ती किंचित लांब. घोडा पूर्ण मागे यायच्या आत सिलिंडर कुलूपबंद होई. आता कानस. जास्त घासलं तर सिलिंडर पूर्ण फिरणार नाही, म्हणून दोन हात मारायचे, जोडायचं, बघायचं, पुन्हा खोलायचं. अकरा वेळा खोललं.

रात्री व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवलं. तीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात फिटर होते. त्यांनी रिव्हॉल्व्हरकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कानस कुठली वापरलीस?"