मुलीची पहिली डब्ल्यू १५ आणि बँकेचं कार्ड – माझा अनुभव

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळकडच्या ज्या मुली ज्युनियर टेनिस संपवून आता विमेन्स सिंगल्सला उतरायचं म्हणतायत त्यांच्या आईवडिलांसाठी लिहितेय. सगळ्यात आधी परदेशात ऑनलाइन पैसे भरता येतील असं बँकेचं कार्ड करून घ्या, बाकीचं सगळं नंतर. आम्हाला हे कोणी सांगितलं नाही आणि त्यात लेकीची एक अख्खी स्पर्धा गेली, अजून आठवलं की डोकं तापतं.

आयटीएफ म्हणजे टेनिसची आंतरराष्ट्रीय संघटना, तिच्या सगळ्यात खालच्या पायरीच्या विमेन्स स्पर्धेला डब्ल्यू १५ म्हणतात, एकूण बक्षीस १५ हजार डॉलर म्हणून १५. डब्ल्यूटीए रँकिंगचा, म्हणजे बायकांच्या प्रोफेशनल टेनिसच्या जागतिक क्रमवारीचा, रस्ता इथूनच सुरू होतो, मेन ड्रॉमधे म्हणजे मुख्य स्पर्धेत पहिली मॅच जिंकली की १ पॉइंट आणि स्पर्धा जिंकली तर १५, आणि रँकिंगमधे नाव लागायला तीन स्पर्धांत तरी पॉइंट मिळवायला लागतात नाहीतर एकूण १० तरी व्हायला लागतात. ऋतुजा भोसलेने २०२३ मधे हांगझोऊच्या एशियन गेम्सला बोपण्णाबरोबर मिक्स्डचं गोल्ड आणलं ना, तीपण अशाच छोट्या स्पर्धा खेळत वर आलीय. म्हणजे छोटी म्हणून सोडायची गोष्ट नाही ही.

एंट्रीसाठी आयपिन लागतो, म्हणजे खेळाडूचा आयटीएफचा नंबर. फॉर्म सोपा आहे, लेकीने पासपोर्ट समोर ठेवून एका बैठकीत भरला. शेवटी फी, ती डॉलरमधे आणि कार्डानेच. आमचं खातं गावातल्या एका बँकेत वर्षानुवर्षं, पगार तिथे, लोन तिथे, कार्ड टाकलं तर डिक्लाइन. परत टाकलं, परत तेच.

मग ब्रांचला गेले. काउंटरवरच्या माणसाने फोनवरचं पान बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, हे ऑनलाइन गेमिंग आहे, फॉरेनला पैसे मागतायत म्हणजे फ्रॉडच असतो." मी सांगितलं की अहो माझी मुलगी टेनिस खेळते, स्पर्धेची नोंदणी आहे. तर मॅनेजरना भेटा. मॅनेजर मीटिंगला. दुसऱ्या खेपेला मॅनेजर भेटले, त्यांनी ए-टू फॉर्म हातात दिला, तो बाहेरच्या देशात पैसे पाठवायचा फॉर्म, त्यात पॅन, कारण, ज्याला पाठवायचे त्याच्या बँकेचा तपशील सगळं भरायचं. मी भरला पण. तर म्हणे युनिव्हर्सिटीचं पत्र जोडा. कसली युनिव्हर्सिटी? त्यांच्याकडे तो फॉर्म आजवर फक्त बाहेर शिकायला गेलेल्या मुलांच्या फीसाठी वापरला होता, त्यामुळे पत्राशिवाय पुढे सरकेना. आणि मुळात आयटीएफच्या त्या पानावर कार्डाशिवाय दुसरा पर्यायच नव्हता, बँकेतून पाठवून काही उपयोगच नव्हता, हे मी सांगत होते आणि ते "मुंबईला विचारतो" म्हणत होते. पासबुकाची झेरॉक्स द्या, अर्ज लिहून द्या, कार्डाची झेरॉक्स द्या. मधेच सर्व्हर डाऊन. मधेच लाइट गेली. लेक रोज प्रॅक्टिसवरून यायची, बॅग दारात टाकायची आणि पहिलं विचारायची, "आई, झालं का गं?"

एंट्रीची मुदत स्पर्धेच्या सोमवारच्या १८ दिवस आधीचा गुरुवार, १४:०० जीएमटी, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसात. ही वेळ भिंतीवर लिहून ठेवा, साडेसात म्हणजे साडेसात, आणि आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही म्हणून गुरुवारवर ठेवूच नका. तो गुरुवार आमचा असाच गेला. मुंबईच्या भाऊजींचं कार्ड वापरू म्हटलं तर ते नेमके फिरतीवर, फोन लागेना. साडेसात वाजून गेल्यावर लेक काही बोलली नाही, जेवलीपण नाही, मला बँकेचा इतका राग कधी आला नव्हता.

उलगडा कुठे झाला तर दुसऱ्या एका बँकेत, तिथे एक तरुण मुलगी होती काउंटरला, तिने कार्ड हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, "काकी, हे डोमेस्टिक कार्ड आहे, हे इंडियाबाहेर चालणारच नाही." दोन वाक्यं! एवढं सांगायला आमच्या ब्रांचने इतके हेलपाटे घालायला लावले. तिनेच सांगितलं की मार्च २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्ड फक्त भारतातल्या एटीएम आणि मशीनवर चालू करून देतात, इंटरनॅशनल आणि ऑनलाइन आपण सांगून चालू करून घ्यायचं. तिथे खातं उघडलं, इंटरनॅशनल कार्ड आलं, ॲपमधे बटण चालू केलं, लिमिट सेट केलं, फी गेली. बँक वरून मार्कअप म्हणजे परदेशी व्यवहाराचा जादा आकार आणि त्यावर जीएसटी लावते, तेवढे पैसे जास्त धरा.

पुढच्या स्पर्धेला एंट्री झाली, क्वालिफाइंगच्या, म्हणजे मेन ड्रॉच्या आधीच्या पात्रता फेरीच्या, यादीत नाव लागलं. नाव मागे घ्यायचं असेल तर मुदत १३ दिवस आधीच्या मंगळवारची, त्यानंतर काढलं तर लेट विथड्रॉअल होतं, ते टाळा.

स्पर्धा घाटावर होती, आंबा घाटातून गेलो. दोन दिवस तरी आधी पोचा. आपल्या दमट हवेत बॉल जड होतो, वर कोरड्या हवेत आणि उंचीवर तोच बॉल सुसाट पळतो, लेकीचे पहिल्या दिवशी सगळे फोरहँड बेसलाइनच्या बाहेर. स्ट्रिंग थोडी घट्ट करून घेतली तेव्हा जमलं. क्वालिफाइंगला तिसरा सेट नसतो, १० पॉइंटचा टायब्रेक असतो, त्याची वेगळी प्रॅक्टिस करवून घ्या. पहिली मॅच तिने तशीच काढली, ८-८ वरून सलग दोन पॉइंट, दुसरा बॅकहँड डाउन द लाइन, मी जाळीला धरून उभी होते. दुसऱ्या मॅचला हरली, समोरची चांगलीच खेळली. मला अभिमान आहे तिचा, एवढ्या लांबून जाऊन ती त्या यादीत होती.

आणि एक राहिलंच, ते फार महत्त्वाचं. इथे अँटी-डोपिंगचे, म्हणजे बंदी असलेली औषधं न घेण्याचे, नियम लागू असतात. आपल्याकडे पावसाळ्यात खोकला झाला की डॉक्टर जे सिरप देतात त्यातल्या बऱ्याच सिरपमधे टर्ब्युटालिन असतं, ते बंदी असलेल्या यादीत आहे. डॉक्टरांना आधीच सांगा की मुलगी स्पर्धा खेळते, आणि बाटलीवरची नावं स्वतः वाचा.